गांवीं राहून परगांवची नोकरी : इंटरनेटच्या तारेची परीक्षा

घरीं बसून परगांवच्या कचेरीचें काम करण्याची पद्धत सन २०२० च्या साथीपासून आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची झाली आहे. त्या सालच्या मार्च महिन्यांत टाळेबंदी लागली आणि पुण्यामुंबईस संगणकाच्या कामावर असलेलीं पुष्कळ मुलेंमुली गांवीं परतलीं. कोणी ओटीवर, कोणी माडीवर, तर कोणी गोठ्यामागच्या खोलींत टेबल मांडून महिनेच्या महिने काम केलें. साथ ओसरल्यावर बहुतेक मंडळी परत गेली; परंतु कित्येक कंपन्यांनीं आठवड्यांतील कांहीं दिवस, आणि कांहींनीं सर्वच दिवस, घरून काम करण्याची सवलत पुढेंही चालू ठेविली. तेव्हांपासून जमीनधारक कुटुंबांत एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. मुलाचा अगर सुनेचा पगार न सोडतां त्यांस गांवीं राहतां येईल काय? वडील थकलेले, जमीन वाट्यानें लावण्याची इच्छा नाहीं, आणि बागायत तर रोज डोळ्यांखालीं असावी लागते. अशा घरीं हा प्रश्न शेवटीं गांवांत येणाऱ्या इंटरनेटच्या तारेवर येऊन ठेपतो. तार कशी आहे हें न पाहतां नोकरीच्या भरंवशावर बिऱ्हाड गांवीं हलविणें म्हणजे विहिरीचें पाणी न पाहतां ऊस लावणें होय. पाणी आटलें तर एक पीक जातें. तार वरचेवर तुटूं लागली तर नोकरी जाते, आणि ती पुन्हा मिळेलच असें नाहीं.

एखादें गांव अशा कामास योग्य आहे कीं नाहीं हें कसें तपासावें, याचा विचार या लेखांत केला आहे. जेथें तार गांवाच्या अलीकडेच थांबली होती अशा परदेशांतील दोन मुलुखांच्या खेडुतांनीं काय केलें, तेंही मध्यें सांगितलें आहे. कारण त्यांत आपल्यासारख्या बांधावरच्या माणसास घेण्याजोगें पुष्कळ आहे.

कामास वेग किती लागतो

इंटरनेटचा वेग सेकंदास इतके मेगाबिट असा सांगतात. पहिली गफलत होते ती बिट आणि बाइट यांच्यामध्यें. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून शंभरचा प्लॅन घेतल्यास सेकंदास साडेबारा मेगाबाइट येतात, शंभर येत नाहींत. दुसरें असें कीं, वेग दोन दिशांचा असतो. बाहेरून घरीं येण्याचा एक, घरून बाहेर जाण्याचा दुसरा. सिनेमा पाहणारास पहिला पुरतो. काम करणारास दुसऱ्याचीही तितकीच गरज असते, कारण सभेंतील त्याचा आवाज, त्याचें चित्र आणि त्यानें तयार केलेले कागद घरून बाहेर जावयाचे असतात. जाहिरातींत मात्र बहुधा पहिलाच आंकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो.

चित्रासह चालणाऱ्या सभेस दोन्ही दिशांनीं तीन-चार मेगाबिट पुरतात. घरांत दोघें काम करणारीं, एक मूल शिकणारें आणि बाकीचीं टीव्ही पाहणारीं, असें धरलें तरी ५० ते १०० मेगाबिटांत सर्वांचें सुखानें भागतें. त्यापुढचे आंकडे बहुतेक घरीं मिरविण्यापुरते होत.

सरकारी व्याख्येवर विसंबूं नये. आपल्या देशांत ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास २०२३ च्या पूर्वीं सेकंदास ५१२ किलोबिट पुरेसे मानीत. त्या सालीं तें माप २ मेगाबिट झालें. अमेरिकेंत हेंच माप २०२४ सालीं येणाऱ्या दिशेस १०० आणि जाणाऱ्या दिशेस २० मेगाबिट असें ठरविण्यांत आलें. तेव्हां "आमच्या गांवीं ब्रॉडबँड आलें आहे" या वाक्यावरून कांहींच बोध होत नाहीं.

तिसरी गोष्ट विलंबाची. पाट कितीही रुंद असला तरी दार उघडल्यापासून पाणी शेतांत पोंचण्यास जो वेळ लागतो तो निराळा मोजावा लागतो. तसेंच येथें आहे. बोललेला शब्द पलीकडे पोंचण्यास सेकंदाचे १५० सहस्रांश याहून अधिक वेळ लागूं लागला म्हणजे दोघे एकदम बोलूं लागतात, मग दोघेही थांबतात, आणि संभाषणाचा विचका होतो.

तार येण्याच्या वाटा

घरापर्यंत इंटरनेट येण्याच्या वाटा चार-पांच आहेत, व त्यांची योग्यता सारखी नाहीं. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेंतून येणारें इंटरनेट एक्स्चेंजपासूनचें अंतर वाढेल तसतसें क्षीण होतें. मैल-दीड मैलाच्या आंत तें बरें चालतें, तीन मैलांपुढें जवळ जवळ निरुपयोगी होतें. मोबाइलच्या टॉवरचें बळ त्याखालीं किती माणसें आहेत यावर अवलंबून असतें. पहाटे उत्तम वेग देणारा टॉवर रात्रीं नऊला, गांवच्या जत्रेंत, किंवा क्रिकेटचा सामना रंगांत आला असतां हात टेंकतो. शिवाय त्या टॉवरला मागून फायबर जोडलेली आहे, कीं तो दुसऱ्या टॉवरकडून तबकडीच्या साहाय्यानें हवेंतून संदेश घेतो, याचीही चौकशी करावी. दुसऱ्या प्रकारचा टॉवर म्हणजे पोटचारीला काढलेली आणखी एक पोटचारी होय.

उपग्रहाचे दोन प्रकार आहेत. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागीं स्थिर दिसणारे उपग्रह जुने. घरांतून प्रश्न जाऊन उत्तर परत येईतों तें अंतर चार वेळां कापावें लागतें, आणि प्रकाशाच्या वेगानेंही त्यास जवळ जवळ अर्धा सेकंद जातो. सभेच्या कामास हे उपग्रह निरुपयोगी. दुसरे सुमारें ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणारे. त्यांत हा दोष राहत नाहीं. स्टारलिंक या अशा सेवेस भारत सरकारचा परवाना जून २०२५ मध्यें मिळाला. डोंगरावरच्या एकाकी वस्तीस हा मार्ग उपयोगी खरा. पण त्याच्या तबकडीस वरचें आकाश मोकळें लागतें. आंबराईंतील घरास तो सोयीचा पडणार नाहीं.

सर्वांत भरंवशाची ती फायबर, म्हणजे केसासारख्या काचेच्या तंतूंतून प्रकाशानें संदेश नेणारी तार. ती वीस किलोमीटरपर्यंत जाऊनही दमत नाहीं. एक तंतु केंद्रांतून निघतो व वाटेंत विजेशिवाय चालणाऱ्या एका लहान डबींत त्याच्या ३२ किंवा ६४ शाखा होतात. प्रत्येक शाखा एका घरीं जाते. प्रचारांत असलेल्या साध्या पद्धतींत मूळ तंतूंतून येणाऱ्या दिशेस २५०० आणि जाणाऱ्या दिशेस १२५० मेगाबिट वाहतात. हिशेब करून पाहावा : सर्व ६४ घरांनीं एकाच क्षणीं पूर्ण वापर केला तरी प्रत्येकाच्या वांट्यास येणाऱ्या दिशेनें ३९ मेगाबिट येतात. असा क्षण सहसा येतच नाहीं.

मग फायबर असूनही सायंकाळीं वेग कां पडतो? याचें कारण बहुधा गांवांत नसतें. तालुक्याचा केबलवाला मोठ्या कंपनीकडून ठराविक प्रवाह विकत घेतो आणि तो शेंकडों घरांस वांटतो. पाट पक्का बांधला, पण धरणांतून पाणीच थोडें सोडलें, तर शेवटच्या शेतकऱ्याचें जें होतें तेंच येथें सर्वांचें होतें.

केंटकीच्या डोंगरांतील संस्था

अमेरिकेच्या केंटकी संस्थानांत जॅक्सन व औस्ली असे दोन डोंगराळ जिल्हे आहेत. तंबाखूचें पीक आणि कोळशाच्या खाणी हे तिकडचे जुने आधार, दोन्ही खचले. जॅक्सन जिल्ह्याचें मुख्य गांव मकी, वस्ती हजाराच्या आंत. अशा ठिकाणीं उत्तम इंटरनेट मिळेल असें कोणाच्या मनांत येणार नाहीं. परंतु तेथें टेलिफोनची एक सहकारी संस्था १९५० पासून आहे. खेड्यांत तार ओढणें मोठ्या कंपन्यांस परवडेना, म्हणून अमेरिकेंत आधीं विजेच्या, व १९४९ च्या कायद्यानंतर टेलिफोनच्याही सहकारी संस्था सरकारी कर्जावर निघाल्या, त्यांपैकींच ही एक. टेलिफोन घेणारा प्रत्येक ग्राहक तिचा सभासद.

या संस्थेनें २००९ च्या सुमारास सरकारी कर्ज व अनुदान मिळवून दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक घरीं फायबर नेण्याचें काम हातीं घेतलें, व २०१४ मध्यें तें पुरें केलें. तार सुमारें १००० मैल लागली आणि खर्च सुमारें ५ कोटी डॉलर आला, म्हणजे मैलास ५० हजार डॉलर. जेथें खांबावर चढविणारी मोटार जाऊं शकत नव्हती अशा कड्यांवर आणि ओढ्यांत तार ओढण्यास एक खेचर लाविलें होतें. त्याचें नांव ओल्ड बब, आणि त्या मुलुखांत तें संस्थेच्या चालकांइतकेंच प्रसिद्ध झालें.

तार आली म्हणून नोकऱ्या आपोआप आल्या नाहींत, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. घरून करण्याजोगीं कामें शोधून देणारी आणि त्यांचें शिक्षण देणारी एक संस्था मकी येथें आली. तिच्या व टेलिफोन संस्थेच्या प्रयत्नानें २०१९ पर्यंत जॅक्सन जिल्ह्यांत सहाशेंहून अधिक लोकांस घरून करावयाच्या नोकऱ्या लागल्या. त्यांतील पुष्कळ नोकऱ्या दूरच्या कंपन्यांच्या ग्राहकांस टेलिफोनवर उत्तरें देण्याच्या होत्या. काम मोठ्या मानाचें नव्हे. पण घरची गुरें व म्हातारीं माणसें सोडून शहर गांठण्याची पाळी टळली, हा लाभ लहान म्हणतां येणार नाहीं.

लँकेशायरचे शेतकरी

इंग्लंडच्या उत्तरेस लँकेशायर परगण्यांतील गोष्ट याहून आपल्या जवळची आहे. तेथील मेंढपाळ व दुभत्याचा धंदा करणाऱ्या खेड्यांस कोणतीही कंपनी फायबर देईना. रस्ता खणून तार नेण्यास फार खर्च, आणि घरें विरळ. २०११ सालीं तेथील लोकांनीं ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ नांवाची संस्था काढली. इंग्रजी आद्याक्षरांच्या उच्चारावरून तिला बार्न, म्हणजे कोठार, म्हणतात. बॅरी फोर्ड हे संगणकजाळ्याचे तज्ज्ञ आणि क्रिस काँडर या शेतकरी कुटुंबांतील बाई हीं तिचीं आरंभींचीं पुढारी. भाग विकून भांडवल उभारलें. भाग कितीही असोत, सभासदास मत एकच.

त्यांची युक्ति एवढीच कीं, तार रस्त्यानें न नेतां शेतांतून नेली. जमीनधारकांनीं वाट फुकट दिली. मऊ जमिनींत ट्रॅक्टरमागें लाविलेल्या एका खोल, अरुंद नांगरानें चीर पाडून तींत नळी बसवीत जावयाचें, आणि मग हवेच्या दाबानें नळींतून फायबर फुंकून पुढें ढकलावयाची. हें काम गांवकऱ्यांनीं स्वतः केलें. तंतु जोडण्याची कलाही त्यांतील कित्येक शिकले. प्रत्येक घरास दोन्ही दिशांनीं १००० मेगाबिट वेग मिळाला, तो त्या वेळीं लंडनच्याही बहुतेक घरांस ठाऊक नव्हता. पुढें संस्थेचीं घरें दहा हजारांवर गेलीं. सर्वांत महाग भाग, म्हणजे खोदाई आणि वाट, शेतकऱ्यांच्या हातीं होता; तो त्यांनीं घातला म्हणून बाकीचें जमलें.

आपल्या तालुक्यांत काय पाहावें

आपल्याकडे खेड्यांत फायबर नेण्याची सरकारी योजना ऑक्टोबर २०११ मध्यें मंजूर झाली. पुढें तिचें नांव भारतनेट झालें. डिसेंबर २०१७ पर्यंत तिनें देशांतील एक लाख ग्रामपंचायती जोडल्या. परंतु तार ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत येणें आणि आपल्या वाड्यापर्यंत येणें यांत मळ्याइतकें अंतर आहे. आरंभीं तार एका ओळींत नेली होती. मध्यें कोठें जेसीबीनें ती तोडली कीं पुढचीं सर्व गांवें बंद. ऑगस्ट २०२३ मध्यें मंजूर झालेल्या सुधारित योजनेंत तार वर्तुळाकार फिरवावी, म्हणजे एकीकडे तुटली तर दुसरीकडून प्रवाह यावा, असें ठरलें, त्यासाठीं १.३९ लाख कोटी रुपयांची तरतूद झाली व दीड कोटी ग्रामीण घरें जोडण्याचें उद्दिष्ट ठेविलें गेलें. आपल्या गांवीं जुनी ओळ आहे कीं नवें वर्तुळ, हें ग्रामपंचायतींत विचारावें. सरपंचांस ठाऊक नसल्यास तार दुरुस्त करणाऱ्या मुलास ठाऊक असतें.

नकाशावर विसंबण्याची चूक अमेरिकेंतही झाली होती. तेथें पुष्कळ वर्षें एखाद्या गणनाखंडांत एका घरास सेवा मिळाली तरी सारा खंड सेवायुक्त धरीत. २०२० च्या कायद्यानें ती रीत बदलून घरवार नकाशा करावा लागला. आपल्याकडे ट्रायच्या २०२४ च्या नियमांप्रमाणें मोबाइल कंपन्यांनीं आपल्या व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करावयाचे आहेत. ते अवश्य पाहावेत, परंतु त्यांतून फार तर कोणत्या गांवीं जाऊन पाहावें एवढेंच कळतें.

म्हणून प्रत्यक्ष परीक्षा करावी. ज्या घरीं राहावयाचें त्याच्या शेजारच्या घरीं, त्याच तारेवर, वेग मोजावा. सकाळीं दहाला, दुपारीं, आणि रात्रीं आठ ते दहाच्या दरम्यान; तीन दिवस. येणारा, जाणारा आणि विलंब हे तिन्ही आंकडे वहींत लिहावेत. रात्रींचा आंकडा सकाळच्या निम्म्याहून खालीं गेला तर केबलवाल्यानें प्रवाह थोडा घेतला आहे असें समजावें. सकाळचा एकच आंकडा दाखवून कोणी आग्रह करूं लागला तर त्यास नम्रपणें नकार द्यावा.

यानंतर वेगाहूनही मोठी गोष्ट, म्हणजे दुरुस्ती. गेल्या पावसाळ्यांत तार किती वेळां तुटली, व प्रत्येक वेळीं किती दिवस बंद राहिली? जोडणारा माणूस कोठें राहतो? तो त्याच गांवीं किंवा शेजारीं असेल तर तुटलेली तार त्याच दिवशीं सांधली जाते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणार असेल तर आठवडाही लागतो. विजेच्या खांबांवरून लोंबत आलेली तार असेल तर उसाच्या गांवीं विशेष जपावें. उंच भरलेल्या ट्रॉल्या ती ओढून नेतात, आणि पाचट पेटविलें कीं बांधावरून गेलेली तार वितळते. हंगामाच्या चार महिन्यांत हें नित्याचें आहे. खारी आणि उंदीर तार कुरतडतात तें निराळेंच.

वीज गेल्यावर काय होतें तेंही पाहावें. घरांतील दोन्ही पेट्या, म्हणजे फायबरची व राउटरची, सामान्यतः १२ व्होल्टवर चालतात आणि फार थोडी वीज घेतात. लहान बॅटरीवर त्या कित्येक तास निघतात. परंतु गांवच्या केंद्रांतील यंत्रास बॅटरी नसेल तर आपल्या घरची व्यर्थ. भारनियमनाच्या वेळीं शेजाऱ्याच्या घरीं बसून एकदां खात्री करून घ्यावी.

राखीव म्हणून दुसऱ्या कंपनीचें मोबाइल इंटरनेट ठेवावें. त्यांत एक खोंच आहे. त्या कंपनीचा टॉवरही त्याच रस्त्याच्या कडेनें आलेल्या तारेवर असला तर एका फावड्यानें दोन्ही बंद पडतात. विहीर आटली म्हणजे तिच्याच झऱ्यावरची दुसरी विहीर उपयोगी पडत नाहीं, तसें हें आहे.

इतकें सर्व पाहूनही मुलानें आरंभीं पावसाळ्याचा एक महिना सुट्टी न घेतां गांवाहून काम करून पाहावें, आणि मगच शहरांतील भाड्याची खोली सोडावी. उन्हाळ्यांतील अनुभव फसवा असतो.

तार मळ्यापर्यंत आणणें

गांवठाणांत फायबर आहे, घर मात्र मळ्यांत मैलभर दूर, अशी स्थिति पुष्कळांची असते. येथें लँकेशायरचा धडा लागू पडतो. उपसा सिंचनाची नळवाट एकमेकांच्या रानांतून नेण्याची आपणांस संवय आहे. पाण्याच्या पाटासाठीं दुसऱ्याच्या जमिनींतून वाट मिळविण्याची तरतूद जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४९ मध्यें आहेच. तें कलम पाण्यापुरतें आहे, तारेस लागू नाहीं; म्हणून तारेची वाट शेजाऱ्याच्या संमतीनेंच घ्यावी. वाटेवरच्या पांच-सात मळेकऱ्यांनीं एकत्र येऊन चर स्वतः खणून दिली तर केबलवाला पुष्कळदां राजी होतो, कारण त्याचा मोठा खर्च त्यांतच असतो.

तार उघडी न पुरतां प्लास्टिकच्या नळींतून न्यावी, व शक्य तर शेजारीं एक रिकामी नळी टाकून ठेवावी; पुढें दुसरी कंपनी आली तर पुन्हा खणावें लागत नाहीं. चर बांधाच्या कडेनें, नांगराच्या व सबसॉयलरच्या फाळाखालीं जाईल इतकी खोल असावी. संमति कागदावर घ्यावी. त्यांत वाट, खोली, पिकाची नुकसानी कोण देणार, आणि जमीन विकली तर पुढच्या मालकास काय सांगावयाचें, हें लिहावें. नळीच्या मार्गावर वळणावळणाला दगड रोवून गांवच्या नकाशाच्या एका प्रतीवर त्यांच्या खुणा कराव्यात, आणि ती प्रत उन्हाळी नांगरटीपूर्वीं दर सालीं भाड्यानें येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यास दाखवावी.